बाया दिसत्यात का?

दौंडात बसून समुद्राचे किस्से सांगितले की लोक हसतात. इथं ज्याच्या त्याच्या घरी रेल्वेचे किस्से. आमचे मात्र बोटीचे. काय करणार, पोट नेईल तिकडं माणूस जातो. पॅसेंजर बोटीच्या लाँड्रीत आम्ही इकडचे चौघं होतो. बंदर आलं की वरून मळक्या चादरींचा ढीग खाली यायचा, तसे किस्सेही साचत गेले. चादरी धुऊन झाल्या. किस्से राहिले. चहा पाजताय म्हणून सांगतो, पण हसायला मिळेल या आशेनं ऐकू नका.

योहानमामा शिरूरचे. मिशनच्या बोर्डिंगात धुण्या-इस्त्रीवर त्यांचा हात बसलेला. बोटीवर आधी ते गेले, मग एकेकाला ओढून घेतलं. किसन वरवंडचा, गणपत खुटबावचा, मी इथलाच. मामा आमचे कुणाचे मामा नव्हते, पण सगळी बोट त्यांना मामाच म्हणायची. गोरा कॅप्टनसुद्धा!

* * *

गणपत आईला एकुलता. मामा त्याला न्यायला खुटबावला गेले, तेव्हा मी सोबत होतो. म्हातारीनं चहा केला, गूळ जरा जास्तच घातला, आणि उंबऱ्यात आडवी बसली.

"योहानदादा, ह्यो दौंडच्या बाजारात हरवनारं पोर. तितं परमुलखात कसं व्हायचं?"

"मी हाय न्हवं, आक्का."

"न्हेताय तसा आनून द्या. मंग मी काय बी म्हनत न्हाई."

"दिला शबूद," मामा म्हणाले. "मी पाय ठिवल्याबिगर ह्यो कुठं पाय ठिवनार न्हाई."

गणपत कोपऱ्यात ट्रंकेला दोरी बांधत होता. तो म्हणाला, "म्हंजी मामा चप्पल इसरलं तर मी बी बोटीवरच?" म्हातारी हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी शब्द दिला होता, आणि तो माणूस शब्दाला फार जपायचा.

* * *

थंडीच्या दिवसांत आमची बोट हौशी लोकांना नुसती फिरवून आणायची. या बंदरात एक दिवस, त्या बंदरात एक दिवस. तो काळही असा होता, की कुठं साहेबाला हाकलणं चाललेलं, कुठं संप, कुठं कर्फ्यू. बोट लागली की जिन्यापाशी नोटीस लागायची: उतरायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर उतरा. मग वरचे प्रवासी डेकवर आणि खालचे आम्ही लाँड्रीच्या दारात, सगळ्यांचा एकच खल. जायचं का नाही?

एडनला पहिल्यांदा मामांचा कायदा कळला. ते कठड्याला टेकून धक्क्यापलीकडच्या रस्त्याकडं बघत राहिले. आम्ही कपडे करून मागं उभे.

"काय बघताय मामा?"

"बाया दिसत्यात का ते बघतोय. शिरूरच्या बाजारात राडा व्हायचा आसला की बाया आधी पाट्या उचलत्यात. गड्यास्नी डोकं फुटल्यावर कळतं. बाया दिसत्यात तवर भ्या न्हाई."

दिसल्या. आम्ही उतरलो, गणपतनं आईसाठी हातात मावेल एवढा आरसा घेतला आणि सुखरूप परत आलो. तेव्हापासून कायदा पक्का झाला.

* * *

पण कायदा म्हटला की माणूस त्यात अडकतोच. एका बंदरात रस्त्यावर बाई सोडा, कुत्रं दिसेना. मामा म्हणाले, "न्हाई जायचं." इंजिनखात्याची पोरं मात्र शीळ घालत उतरली आणि संध्याकाळी खजूर खात, हसत परत आली. त्या गावात दुपारभर सगळं गाव दारं लावून झोपतं म्हणे.

गणपत दोन दिवस मामांवर फुगलेला. मग इस्त्री करता करता एवढंच म्हणाला, "बाया झोपल्या व्हत्या, मामा. मेल्या नव्हत्या."

मामा म्हणाले, "झोपल्याल्या बऱ्या."

* * *

किसनची तऱ्हा वेगळी. त्याला उतरायचंच नसायचं. मोंबासाला तो जिना उतरला, एक पाय धक्क्यावर टेकवला आणि तसाच माघारी वर आला.

"हे काय रं?"

"लागला पाय. आता वरवंडात सांगाया मोकळा."

आणि सांगितलं की त्यानं! हायवेच्या हॉटेलात बसून मोंबासाचा बाजार, मोंबासाची माणसं, मोंबासाचे आंबे. मी शेजारीच बसलो होतो. मी बाजारभर हिंडून आलेला, पण मला तेवढं सांगता आलं नसतं.

* * *

एकदा एक गोरी म्हातारी प्रवासी तिचा झगा घ्यायला स्वतःच खाली आली. वर साहेब लोकांचं एकमत होत नव्हतं, म्हणून तिनं मामांना विचारलं, उतरू का? मामांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, बाया दिसत नाहीत, मॅडम, जाऊ नका.

ती म्हणाली, "मग मी जाते. मी बाईच आहे." आणि छत्री उघडून गेली खाली.

गणपत कठड्यावरून ओरडला, "मामा, बाई दिसली! चला आता."

मामांना त्या दिवशी हसू आवरेना. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

* * *

त्या बंदराचं नाव मी घेत नाही. माझ्या तोंडात येत नाही.

सकाळीच लागलो. नोटीस होती, पण ती कुठं नसायची? रस्ता बायांनी भरलेला. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं, ओळीनं चाललेल्या. मामांच्या तोंडावर समाधान दिसलं.

"बाजाराचा दिस हाय. चला."

गणपतला आईसाठी लुगड्याजोगं कापड बघायचं होतं. तो भराभर पुढं. फाटकाबाहेर पडलो तशी एक बाई अगदी जवळून गेली. तिच्या डोक्यावर गादी होती, आणि गादीवर बुडाला काजळी धरलेलं पातेलं.

मामा जागेवर थांबले. "बाजाराला गादी कोन न्हेतं?"

तेव्हा आम्ही नीट बघितलं. एकही बाई बसलेली नव्हती. बाजारातली बाई बसते, भाव करते, भांडते. या सगळ्या एकाच दिशेनं, गावातून बाहेर चालल्या होत्या, आणि आम्ही गावात निघालो होतो. त्या बायांनी पाट्या कधीच उचलल्या होत्या.

मामांनी हाक मारली. "गणपत, माघारी फिर!" तो वळला सुद्धा. कोपऱ्यावरून गोळीबार सुरू झाला होता. कुणी केला, कुणावर केला, आजही मला ठाऊक नाही.

मामांनी त्याला खांद्यावर टाकून धक्क्यापर्यंत आणला. त्याच्यात काही उरलं नव्हतं. बोट थांबणार नव्हती, म्हणून तिथल्या गुजराती दुकानदारांनी अग्नी दिला. मामा बोटीवर आले आणि गणपतचा पांढरा युनिफॉर्म इस्त्री करत बसले. झालेला मोडायचे, पुन्हा करायचे. किसननं इस्त्रीचं बटण बंद केलं तेव्हा थांबले.

* * *

मुंबईला उतरलो. कंपनीचा माणूस म्हणाला, घरी आम्ही कळवू. मामा म्हणाले, "मी न्हेला व्हता. मी सांगनार." बोरीबंदरला आम्ही मेल धरली. गणपतची ट्रंक त्यांच्या पायाशी होती.

दौंडला ते दारात आले. एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबले. मी त्यांच्या आधीच खाली उतरलो होतो, ट्रंकेसाठी हात पुढं केला. किसन त्यांच्या मागं अडकलेला.

फलाटावर बायाच बाया. भाजीच्या पाट्या घेऊन निवांत बसलेल्या. गाडी इथं बराच वेळ थांबते, कुणालाच घाई नव्हती. त्यांच्यात खुटबावची म्हातारी. मेल खुटबावला थांबत नाही, म्हणून ती इथवर आलेली. आम्ही येणार हे मामांनीच, गणपत होता तेव्हा, आधीच्या बंदरातून कळवलेलं. हातात भाकरीचं फडकं.

"मामा," किसन मागून हळू म्हणाला, "बाया बसल्यात."

"दिसत्यात," मामा म्हणाले. "हितं न्हाई उतरायचं."

आणि पायरीवरचा पाय त्यांनी आत घेतला.

म्हातारीनं आम्हाला बघितलं. लगबगीनं डब्यापाशी आली, पदर सावरला, आणि मामांकडं बघून हसली.

"उतरा की, योहानदादा. हितं कसलं भ्या? समदी आपलीच मानसं हायती."

असं म्हणून ती टाचा उंचावून, मामांच्या खांद्यावरून डब्यात बघायला लागली.