धोतरावरून घेतलेलं माप

लढाईमुळे विलायती पट्टे बाजारातून गायब झाले आणि पारोळ्यातल्या माझ्या दुकानाला बरे दिवस आले. मी मोटेचं कातडं शिवणारा. पण आतडं जांघेत उतरलं की त्यावर बांधायचे अंतर्गळाचे पट्टेही करायचो. माझी एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला फळीवर उताणं झोपवायचं, फुगवटा बोटांनी आत जातो का बघायचं, मगच माप घ्यायचं. आत जात नसेल तर पट्टा नाही, सरळ धुळ्याच्या इस्पितळाचा रस्ता. भल्याभल्यांना मी असं हाकलून दिलंय.

नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, जांघेत फुगवटा आला तेव्हा मात्र माझी अक्कल शेण खायला गेली. बापाची जांघ मुलानं कशी बघायची? मी भिंतीकडे तोंड करून धोतरावरूनच दोरी फिरवली. झोपल्यावर आत जातं ना, एवढंच विचारलं. "जास रे, जास," नाना म्हणाले. जन्मभर मोट हाकलेला माणूस, दुसरं काय असणार, असं मीही धरून चाललो.

दोन महिन्यांत पट्टा अपुरा पडला. दुसरा शिवला, फुगवट्यावर दाबून बसणारी गादी मोठी केली. मग तिसरा. नाना उकिडवे बसेनासे झाले. मला दुकानात चैन पडेना. टाका अर्धवट टाकून उठायचो, घरी डोकावून यायचो.

"दुखस का?"

"बठ्ठं बेस शे." सगळं ठीक, एवढंच सांगायचे.

मग मी त्यांच्यावरच चिडायचो, नीट आवळत नाहीत म्हणून. आणि वादी एक भोक पुढे ओढायचो.

शेवटी त्यांना चालवेना, तेव्हा धुळ्याला नेलं. सर्जननं झोपवून दाबलं, खोकायला लावलं. गाठ ढिम्म हलली नाही.

"हे आतडं नाही. पोटाच्या भिंतीतच मांसाची गाठ वाढलीय. फार क्वचित होते, म्हणून फसगत होते. आधी आला असता तर सगळी काढली असती. आता हाडाला चिकटलीय." मग कातडीवरचे काळे वळ बघून त्यांनी विचारलं, "पट्टा कुणाचा?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "बाजारमाईन लिधा."

असा राग आला मला! बाजारातून घेतला असं खोटं कशाला बोलता म्हणून डॉक्टरांसमोरच मी त्यांच्यावर ओरडलो, आणि ओरडता ओरडता मला रडू फुटलं.