चष्म्यातला समुद्र आणि एक उघडा कान

लेबर रूममध्ये किस्से जमायला वेळ लागत नाही, सांगायला सवड तेवढी मिळत नाही. मी जालन्यात मस्तगडला एका छोट्या मॅटर्निटी होममध्ये सिस्टर आहे. पाठीतलं इंजेक्शन नको असणाऱ्या बायकांसाठी आमच्या मॅडमनी व्हीआरचा हेडसेट आणला. कळा चालू असताना तो डोळ्यांवर चढवायचा, त्याचे हेडफोन कानांवर. आत समुद्र, डोंगर, कुरण दिसतं आणि मन जरा दुसरीकडं लागतं. आम्ही त्याला चष्माच म्हणतो.

*

पहिली बाई पिंपळगाव रेणुकाईची, घरी चार म्हशी. तिला कुरण लावलं. कळ आली, गेली, बाई हूं नाही की चूं नाही. मी खूश! मग म्हणाली, "सिस्टर, एवढं गवत अन् एक बी म्हैस न्हाई. कोन्या आळशाचं रान हाय हे?"

*

दुसरी समुद्रावर होती. दाराबाहेर सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला. कळ ऐन भरात, तरी बाईनं चाचपडत टॉवेल ओढला आणि चष्म्यावरून त्याचाच पदर घेतला.

मॅडम म्हणाल्या, "अगं, ते बाहेर आहेत."

"मला काय दिसतंय मॅडम? मी समुद्रावर हाय."

*

आमच्या जुन्या आया कांतामावशींचा चष्म्यावर बिलकुल भरवसा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो त्यांनाच लावला. डोंगराचा कडा दिसताच त्यांनी टेबल घट्ट धरलं. तेव्हापासून त्या बायकांची पाठ चोळताना बजावतात, "जपून पाय टाक गं, खाली दरी हाय."

*

आणि परतूरची रेखा. तपासणीला आली की एकच विचारायची, "ते लावल्यावर बाहेरचं ऐकू येतं का?" तिचं पहिलं बाळ रडलंच नव्हतं. या खेपेला तिच्याइतक्याच आम्हीही घाबरलेल्या होतो.

तिनं चष्मा लावला, पण हेडफोन सरकवून एक कान उघडा ठेवला. समुद्र बघत सगळ्या कळा सोसल्या.

दुपारी मुलगी झाली आणि तिनं रडून दवाखाना डोक्यावर घेतला. माझे डोळे भरून आले. कांतामावशी बाळाला घेऊन "उगी, उगी" करू लागल्या. मॅडम म्हणाल्या, "रेखा, काढ आता चष्मा. लेकीला बघ."

रेखानं चष्मा काढला नाही. फक्त दुसराही कान उघडा केला.

"मावशी, उगी करू नका तिला. रडू द्या जराशी."