चुन्याखालचा वाडगा

आधीच कबूल करतो, मी थापाड्या माणूस. माझ्या गोष्टीतली तापीतली मगर दरवर्षी दोन फुटांनी वाढते, आणि माझ्या लग्नात आजवर एवढी माणसं जेवून गेलीत की तेवढी आमच्या तालुक्यात नव्हती. पण भुतंखेतं, करणी, अंगात येणं... छे! असलं मी रचतो, मानत नाही. म्हणून तर ही गोष्ट सांगताना पंचाईत होते. हिच्यात मला काहीच वाढवावं लागलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. सुरतेच्या एका संस्थेत मी दोन खुर्च्यांवर बसायचो — जुन्या कलावस्तूंच्या जतन-प्रयोगशाळेचा प्रमुख, आणि जुन्या वखारींच्या उत्खननाचाही प्रमुख. सकाळी मातीतून फुटकं भांडं काढायचं, दुपारी तेच सांधायचं. एका विद्वानानं भर सभेत टोमणा मारला होता, "खोदणारा हाच, जोडणारा हाच. उद्या बनवणाराही हाच निघायचा!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

तापीकाठी जुन्या शहरात आम्ही एका वखारीची खोली उघडत होतो. तिची चुन्याची जमीन तीनशे वर्षांची, एकही भेग नाही. तिच्याखाली जे मिळेल ते तीनशे वर्षांपूर्वीचंच असणार — आमचं सगळं संशोधन त्या चुन्यावर उभं होतं.

सकाळचे अकरा. चुना फोडत होता सखाराम — सुरतेच्या बमरोली भागात राहणारा, मूळ खानदेशातल्या शिरपूरकडचा. यंत्रमागाच्या खडखडाटात एक कान गेला म्हणून आमच्याकडे आला. हात असा हलका, की कुदळीनं मुंगीच्या पाठीवरची धूळ काढेल! हातभर खाली त्याला निळ्या नक्षीचा चिनी वाडगा लागला. ब्रशनं माती झटकून तो खो-खो हसला.

"सर, हाई तं तुमनंच काम शे!"

वाडग्याच्या कडेला एक तुकडा नव्हता. त्या जागी प्लास्टरचा भराव होता, मूळ रंगाहून किंचित फिका. हा आमच्या धंद्याचा नियम — भराव सहा फुटांवरून दिसू नये, सहा इंचांवरून दिसावा. लबाडी नको.

मी हसायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. "सखाराम, चुना आधी कुठं फुटलेला होता? उंदराचं बीळ?"

"काहीच नव्हतं सर. काल तुम्हीच तं फोटो काढला ना!"

काढला होता. वाडगा त्याच्या गमछ्यात गुंडाळून मी प्रयोगशाळेत आणला, दार लावलं. आम्ही भराव अ‍ॅसिटोननं सुटेल अशा गोंदानं बसवतो. चार थेंब सोडले... सुटला. भरावाच्या काठावर, सांध्यात लपेल अशा जागी, मी सुईनं माझी आद्याक्षरं कोरतो. कुणाला दिसत नाहीत, मला ठाऊक असतात. ती तिथं होती. माझ्याच वळणाची.

भरावाच्या आतल्या अंगाला अंगठ्याचा ठसा होता. ठशावर तिरकी, खोल वण असल्यासारखी रेघ. मी माझा अंगठा दिव्याखाली धरला... गुळगुळीत! एवढा आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता. माझा नाही! कुणीतरी चेष्टा केली!

पण हे सांगणार कुणाला? मगरवाल्यावर विश्वास कोण ठेवणार? त्या विद्वानानं तर पेढेच वाटले असते. वर्षानुवर्षांचं काम बनावट ठरलं असतं. मी भराव चुरडला आणि तापीत सोडला. नोंद केली — वाडगा, एक तुकडा गहाळ. सखारामला म्हटलं, "तो मातीचा गोळा होता रे." पुन्हा तो माझ्या कुठल्याच गोष्टीला हसला नाही.

मग प्रदर्शन ठरलं. टेबलांना कापड आणायला पर्वत पाटियाच्या कापडबाजारात गेलो आणि साड्यांचं पार्सल उचलताना लोखंडी पट्टीनं उजवा अंगठा चिरला. तिरका. खोल.

टाके निघाले तेव्हा मी ठरवलं — त्या वाडग्याला हात लावायचा नाही. भराव माझी विद्यार्थिनी हेतल करेल. तिनं तीनदा केला, तीनदा तडकला. पाहुणे येण्याला तासही उरला नव्हता. रडकुंडीला येऊन ती म्हणाली, "सर, प्लीज! माझ्याच्यानं नाही होत. वरून फोनवर फोन येतायत... वाडगा मांडला नाही तर माझं नाव खराब होईल."

मी बसलो. पहिल्याच फटक्यात जमला. काठावर काही कोरायचं नाही असं बजावून बसलो होतो, पण सुई खाली ठेवली तेव्हा अक्षरं झालेली होती. आतून दाबताना उठलेला ठसा नंतर घासून काढायचा असतो. तेवढ्यात शिपाई ओरडला, "साहेब, गाडी आली!" हेतलनं वाडगा उचलून नेलासुद्धा.

कुणी म्हणेल थकवा, कुणी म्हणेल थाप. सखाराम खानदेशात परत गेला, त्याला विचारायची हिंमत झाली नाही. पुरावा होता तो मीच नदीत सोडला.

आता निवृत्त आहे. सुरतेला गेलो की आधी त्या काचेच्या कपाटापाशी जातो. वाडगा तिथंच असतो, ठशासकट. मी हुश्श करतो. पण तो एकदा त्या चुन्याखाली निघालाय, म्हणजे इथून तीनशे वर्षं मागं, तिथं त्याला जावंच लागणार. कसा, कधी... आणि नेणारा कोण, हे विचारायची वेळ आली की मी अंगठा मुठीत लपवतो.