आप्पांची स्लाइड

मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत कोणी गप्पा मारू लागलं, की आप्पा आधी यंत्राचा दिवा बंद करायचे. "लाइट बंद करा पहिले, ताई. रंग मरी ऱ्हायना!" मूळचे सटाण्याचे, नाशकात तीस वर्षं काढूनही राग अहिराणीतच यायचा.

हुद्दा शिपायाचा, पण त्या यंत्राला हात आप्पांचाच. मी पीएच.डी.साठी यकृताच्या पेशींत शिरून चमकणारे रंग बनवत होते. एक पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला चिकटून लाल दिसे, दुसरा चरबीच्या थेंबांवर हिरवा. उजेडात राहिले की दोन्ही विझत. बाटल्यांना आप्पा पोळ्यांची फॉइल गुंडाळत आणि माझी खरडपट्टी काढत. "चार महिने खपून रंग बनवला अन् खिडकीत ठेवला? शाब्बास!"

मग त्यांचंच पोट फुगायला लागलं. डॉक्टर म्हणाले, यकृत गेलं. साखर आणि चरबीमुळे. आप्पांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. सख्खा भाऊ म्हणाला, "चोरून पीत असेल." जावयाने येणं बंद केलं. आजाराने नाही एवढे आप्पा त्याने खचले.

तपासणीसाठी काढलेल्या यकृताच्या तुकड्यातला उरलेला भाग त्यांनी सही करून, हट्टाने माझ्या कामाला दिला. आम्ही दोघांनी तो पाहिला. हिरवे थेंबच थेंब, लाल कुठेतरी तुटक. मी दिवा बंद करायला विसरले आणि बघता बघता तेही विझलं. त्या दिवशी ते रागावले नाहीत.

"यात दारू नाय ना दिसत? तेवढं लिहून द्या, ताई. भावाला दाखवतो."

मी मोठी शहाणी! म्हटलं, "आप्पा, रंगाला चरबी दिसते, ती कशाने आली ते नाही दिसत. पिणाऱ्याचं यकृतही असंच असतं. खोटं कसं लिहू?"

"बरोबर शे," म्हणाले, आणि स्लाइड डब्यात ठेवली. पुन्हा विषय काढला नाही. मला तेव्हा स्वतःच्या प्रामाणिकपणाचं कौतुकच वाटलं होतं.

दोन महिन्यांनी त्यांच्या दहाव्याला सटाण्याला गेले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"ताई, सहा वर्षं तुमी त्यांच्यासंगं डबा खाल्ला. खरं सांगा, पीत व्हते का? ताईकडून कागद आणतो म्हणाले, अन् रिकाम्या हातानं आले. तवापासून मला बी शंका."

"नाही हो काकू! कधीच नाही. मी रोज पाहत होते ना त्यांना."



"मंग एवढंच का नाय लिहून दिलं?"