मीटरला लावलेलं कुंकू

जयसिंगरावांच्या पूर्वजांनी दरबारासाठी तलवारी चालवल्या. जयसिंगराव कॉलेजात फिजिक्स शिकवतात. खंडेनवमीला हत्यारं पुजायची घरची रीत मात्र सुटलेली नाही. तलवार वाटणीत चुलतभावाकडे गेली, तेव्हापासून ते प्रयोगशाळेतला, विजेची मोजमापं घेणारा एलसीआर मीटर पुजतात.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पीएचडीला नाव घातलं. विषय, अर्धवाहकाची पातळ फिल्म. तिच्या दोन्ही बाजूंना धातू चढवायचा आणि विजेचा दाब उलटसुलट करायचा. आतले प्रभार दर वेळी तोंड फिरवतात. उलथापालथ फार जलद झाली की मागे पडतात. तिथे आलेखावर एक उंचवटा येतो. या प्रकाराला रिलॅक्सेशन म्हणतात.

"म्हणजे रविवारी पोहे-जिलेबीनंतर तुम्ही करता तेच ना?" बायको लक्ष्मीने विचारलं होतं. राजेंद्र नगरच्या त्या घरात विज्ञानावर याहून सखोल चर्चा झाली नाही.

नवरात्राआधी उंचवटा सुरेख आला होता. तो पुन्हा मिळाला की गाइड इरावती मॅडम प्रबंधावर सही करणार होत्या. दसऱ्यानंतर मोजलं, तर उंचवटा गायब. कमी फ्रीक्वेन्सीकडे आलेख नुसता वर पळत सुटलेला.

नाशिकहून आलेल्या, वयाने बऱ्याच लहान मॅडमनी तो न्याहाळला. "जयसिंगरावजी, कुठून तरी करंट गळतोय. फिल्म धरणाऱ्या होल्डरला काही लावलंत?"

"नाही जी. जैसा था वैसा ही है."

"तेल? पाणी?"

"छे, मॅडम. फक्त कुंकू."

मॅडमनी होल्डर उचलून डोळ्यांजवळ नेला.

"कोरडं?"

"कोरडं कसं चिकटेल? पाण्यात कालवलं. हळद पण आहे."

मीटरला जोडलेल्या होल्डरवर टिळ्याचं बोट नेमकं दोन टर्मिनलांमधल्या, वीज अडवणाऱ्या टेफ्लॉनवर टेकलं होतं. फिल्म बिचारी निर्दोष; वीज तिला टाळून हळद-कुंकवाच्या गल्लीतून निघून जात होती.

जयसिंगरावांनी अल्कोहोलने होल्डर पुसला. "माफ करा हं," ते पुटपुटले. कुणाला, ते मॅडमनी विचारलं नाही. होल्डर वाळला आणि उंचवटा मुकाट्याने जागेवर आला.

मॅडमनी सही केली. अट एकच, गळतीचं कारण प्रबंधात यायला हवं. जयसिंगरावांनी लिहिलं, 'बाहेरून आलेलं दूषण'.

"कुंकवाला दूषण म्हणता?" लक्ष्मी म्हणाली.

"शास्त्रात म्हणतात गं."

"शास्त्राला म्हणावं, सणावाराला गप्प बस."

पुढच्या खंडेनवमीला डॉक्टर जयसिंगरावांनी टिळा लावला तो मीटरच्या प्लास्टिकच्या कव्हरला. झेंडू मॅडमनीच आणला होता. तो त्यांनीच होल्डरपासून हातभर लांब ठेवला आणि नमस्कार केला.