पाचवीच्या वर्गाचं ध्यान

ऐंशीच्या दशकात मी बोईसरच्या एका शाळेत पाचवीला शिकवत होते. त्या वर्षी वरच्या साहेबांना अचानक कळलं, की मुलांच्या मनावर ताण असतो. वर्गात पंखा नव्हता, नळाला दुपारनंतर पाणी नसायचं. पण ताण मात्र ताबडतोब घालवायचा होता. म्हणून आम्हा शिक्षकांना पालघरला बोलावून श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. तोवर आम्ही तो आपापल्या परीने घेत होतो.

परतल्यावर मी सूचनेबरहुकूम सुरुवात केली. पहिल्या तासाआधी खिडक्या उघडायच्या, डोळे मिटायचे, ताजी हवा छातीत भरून घ्यायची. आमच्याकडे ताजी हवा कारखान्यांच्या बाजूने येई. पहिल्याच दिवशी अर्धा वर्ग खोकत सुटला. दुसऱ्या दिवसापासून मी खिडक्या लावून घेतल्या.

मग वर्गात उकडू लागलं आणि मुलांना डुलक्या येऊ लागल्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर गाढ झोपायची. तिची आई बाजारात मासळी विकायची, आणि ही पहाटेच उठून तिच्याबरोबर टोपल्या भरायची.

"बाई, हिला उठवू का?" शेजारणीने विचारलं.

"नको. तिचं ध्यान लागलंय."

आठवड्याभरात सगळ्या वर्गाचंच ध्यान लागू लागलं.

अशातच एक दिवस साहेब तपासणीला आले. बाकांवर माना टाकलेला वर्ग पाहून दारातच थबकले.

"किती वेळ बसतात अशी?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"मी उठवीपर्यंत."

साहेब भारावले. फक्त खिडक्या बंद का, म्हणून त्यांनी स्वतः एक उघडली आणि मला दाखवायला भरपूर श्वास आत घेतला. पुढे बराच वेळ त्यांना बोलताच येईना. खोकल्याने वर्ग जागा झाला. तीच मुलगी माठातलं पाणी घेऊन आली.

"साहेब, एकदम नका घेऊ," ती समजुतीने म्हणाली. "आमालापण पयले जमत नव्हतं."

साहेब पाणी प्यायले, 'उपक्रम उत्तम' असा शेरा लिहून गेले, आणि पुढच्या प्रशिक्षणाला पालघरात शिकवायला त्यांनी मलाच बोलावलं.

वर्षाअखेरीस योजना बारगळली. ताण बहुधा संपला असावा. मी मात्र ती सकाळची झोप चालू ठेवली. त्यानंतरच्या तासाला ती मुलगी भागाकार न अडखळता करायची.