न गायलेला धवला

नवरा-नवरीची नावे विचारल्याशिवाय हौसाबाय गाण्यासाठी तोंड उघडत नसत. लग्नाचे विधी जिच्या गाण्याने पुढे सरकतात, तिला आमच्या शेणवा परिसरात धवलारीण म्हणतात आणि त्या गाण्याला धवला. मी शाळामास्तर, पहिल्याच भेटीत नमुन्यादाखल दोन ओळी मागितल्या. सुपातले तांदूळ पाखडत त्या म्हणाल्या, “नमुना? गुरुजी, धवला काय भाजी हाय चाखून बघायला?”

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एक संगीतिका रचली होती. संगीतिकेत पात्रे बोलत नाहीत, सारे गाऊनच सांगतात. कथा प्राचीन ग्रीकांची: धान्यदेवतेच्या मुलीला पाताळाचा राजा पळवतो आणि आईच्या दुःखाने शेते करपतात. मी ती आजच्या भातशेतीच्या गावात आणली होती. पाताळातल्या लग्नात खरा धवला हवा, हा माझा हट्ट. हौसाबाय तयार झाल्या. त्यांनी नावे विचारली. मी विद्यार्थ्यांची खरी नावे सांगितली, ही माझी चूक.

दुसऱ्याच दिवशी तालमीत सुनंदाची, म्हणजे आमच्या नववीतल्या नवरीची, आई येऊन उभी राहिली. “गो हौसे, माज्या पोरीवर धवला घातलास तं तिचं लगीन लागलं! उद्या तिला कोन करील?”

नाटक आणि व्यवहार यांतला भेद मी मुद्देसूद समजावू लागलो. हौसाबायांनी हाताने थांबवले. “ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तिचं खरं हाय. धवल्याला नाटक कळत नाय.”

मुरबाडचा प्रयोग चार दिवसांवर होता. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारले, “तुमच्या गोष्टीत पोरीला इचारलं व्हतं? तिच्या आयशीला?”

“नाही. पळवूनच नेली.”

“मंग तिथं धवला कसा? पळवलेल्या पोरीला कोनची धवलारीण गाईल? मी मांडवात बसंन. पन गानार नाय.”

इतकी पुस्तके वाचून हे मला सुचले नव्हते. तरीही गाण्यावर उभ्या नाटकात ऐन लग्नात गप्प बसणे म्हणजे प्रयोगच बुडणार, असे मला वाटत होते.

प्रयोगात राजाने तीनदा गाऊन आज्ञा केली. हौसाबाय ओठ मिटून त्याच्याकडे पाहत राहिल्या. पेटी थांबली. तेवढ्यात प्रेक्षकांतून सुनंदाची आई उठली, “नको गाऊस गो हौसे!” मग आणखी चार-पाच जणी ओरडल्या, “नको गाऊस!” राजा झालेला दहावीतला गणपत इतका भेदरला, की पुढची ओळच विसरला. मी न लिहिलेला तो प्रवेश साऱ्या संगीतिकेत सरस ठरला. मी तसे सांगताच हौसाबाय म्हणाल्या, “मी काय केलं? गप बसले.”

त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी वैशाखात सुनंदाचे लग्न झाले. हौसाबायांना धाप लागत होती. मांडवात सगळे खोळंबले असताना त्या नवरीकडे वाकल्या.

“पोरी, तुज्या मनात हाय ना?”

सुनंदाने मान डोलावली. तेव्हा कुठे त्यांनी धवला उचलला.